काळ्या मनुकांचे पाणी

पित्तशमनार्थ काळ्या मनुका रात्री भिजवून त्यांचे पाणी प्रातःकाळी घ्यावे, असा उपदेश वैद्यबुवांनी परवा केला, आणि औषध म्हणून ओठांशी नेलेला तो पेला मला थेट डोंगरीच्या इस्राएल मोहल्ल्यातील आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात घेऊन गेला. कारण शब्बाथाच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सायंकाळी इतर देशींचे यहुदी द्राक्षासवाचा पेला उचलतात, तेव्हा आम्ही बेने इस्राएली पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर किद्दूशची प्रार्थना म्हणत आलो.

आजी मनुका गुरुवारीच आणवीत असे, कारण मशीद बंदरच्या ज्या दुकानातून त्या येत, त्याचे मालक शुक्रवारी दुपारी नमाजास जात. भिजलेल्या मनुका ती बोटांनी कुस्करी, बिया निवडी, मलमलीच्या जुन्या फडक्यातून पाणी गाळी, आणि फडके पिळताना जांभळा ओघळ तिच्या मनगटावरून पाटल्यांपर्यंत येई. सूर्यास्तापूर्वी काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल घालून वात लागे. बाबा उभे राहून हिब्रू प्रार्थना म्हणत, आणि मग तो चषक वयोमानाने हातोहात खाली उतरे. सर्वांत शेवटी मी. माझ्या अगोदर थोरले बंधू, ज्यांच्या घोटाचे परिमाण त्यांच्या धर्मश्रद्धेहून पुष्कळ मोठे होते. माझ्या वाट्याला येई तळाचा गाळ आणि चुकून राहिलेली एखादी बी.

इथे इतिहास आडवा येतो, त्यास इलाज नाही. कंपनी सरकारच्या पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल, टिपूच्या कैदेतून सुटून आले व 1796 साली त्यांनी आमची ‘जुनी मशीद’, म्हणजे शाआर हारहमीम हे सिनेगॉग, बांधली. बेने इस्राएल हे नाव कुराणात आहे असे टिपूच्या मातोश्रींनी सांगितल्यामुळे त्यांचे प्राण वाचले, ही आख्यायिका आजी अशा थाटात सांगे, की जणू त्या दरबारात ती स्वतः रुजू होती. मूळचे आम्ही कोकणातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्याच लोकांपुढे, 1948 नंतर इस्राएलास जाऊन स्थायिक झाल्यावर, 1962 मध्ये विवाहापूर्वी पूर्वजांच्या चौकशीचे फर्मान निघाले, आणि 1964 मध्ये ते सैल होईतो निदर्शने करावी लागली! घाण्याच्या बैलालाही जे ठाऊक होते, ते तिथल्या धर्मपीठाला ठाऊक नसावे, याचा राग माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

बंधूही गेले, बीरशेबाला. कित्येक वर्षांनी त्यांचे पत्र आले: मद्य इथे मुबलक आहे, परंतु जिभेला रुचत नाही, कोणी येणार असेल तर शेरभर काळ्या मनुका धाडाव्या. धर्मपीठावरच्या माझ्या रागाचा लाभ बंधूंना मिळाला असावा, कारण मी त्याच दिवशी उठून मशीद बंदरला गेलो. जुन्या मालकांचे चिरंजीव गादीवर होते. मनुका कोणासाठी हे कळताच, तोलून झाल्यावर, बंधूंच्या नावाने त्यांनी मोठ्या आपुलकीने एक भरघोस मूठ वर घातली. ती मूठ मी सॅम्युएल स्ट्रीट संपण्याच्या आत बियांसकट खाऊन टाकली, आणि सोबतच्या पत्रात तिचा उल्लेख करण्याचे काही प्रयोजन मला दिसले नाही.