उण्यातलं पाणी

उन्हाळा लागला की उजनीचं पाणी मागे सरकतं आणि आम्हा भावंडांना गळ आठवतात. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. आमचं जुनं गाव त्यात गेलं. आम्ही वाढलो ते वरच्या पुनर्वसित गावठाणात. त्यामुळे आमच्या लेखी गाव म्हणजे हे पाणी आणि पाणी म्हणजे चिलापी.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली. इथल्या कित्येक माशांना तिने मागे सारलं, हेही खरं. पण गरिबाच्या तव्यावर तीच असते. उन्हाळ्यात जमीन दगड झालेली, गांडूळ मिळत नाही. मग कणकेची गोळी गळाला लावायची, कडब्याच्या ताटाचा तुकडा दोऱ्याला बांधायचा आणि तो बुडायची वाट बघायची. दुपारी मासा खोल जातो. उजाडताना आणि मगरिबच्या आधी काठाला येतो. माशाला जबह लागत नाही, म्हणून पोरंसोरंही काठावरच चूल मांडतात. हळद, मीठ, तिखट, चिंचेचा कोळ आणि वरून ज्वारीचं पीठ.

दादीने मात्र हा मासा कधी तोंडात घातला नाही. म्हणायची, “तुम खाओ, हलाल है. मेरे से नै होता. नीचे अपने लोगां सोये सो हैं.”

धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून अधिक सरकारी भाषेत मृतसाठा. आमचं जुनं कबरस्तान त्याच मृतसाठ्यात आहे. पातळी मृतसाठ्यात उतरली की लोक म्हणतात, धरण उण्यात गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते फार खोल गेलं होतं. अशा वेळी पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, बघायला गर्दी लोटते. आमच्याकडेही सगळं गाव खाली उतरतं. कुणी वाड्याचं जोतं शोधतं, कुणी विहीर. आम्ही कबरस्तानाचा बांध शोधतो आणि फातिहा पढतो.

तिथल्या सुकलेल्या गाळात परातीएवढे गोल खळगे दिसतात. चिलापीच्या नराने तोंडाने उकरलेली ती घरटी. मादी अंडी तोंडात उचलते, पिल्लं निघाली तरी काही दिवस तोंडातच सांभाळते. त्या दिवसांत ती सहसा खात नाही, म्हणून गळाला लागत नाही. बारीक आसाच्या जाळ्यात मात्र आई आणि पिल्लं दोन्ही येतात. अशा जाळ्यांविरुद्ध इथल्या मच्छीमारांनीच आवाज उठवला आहे.

दादी आता वरच्या नव्या कबरस्तानात आहे. आम्ही अजून गळच टाकतो. बोटभर मासा लागला तर ओल्या हाताने सोडवून पाण्यात परत. आपल्या माणसांच्या अंगणातून गरजेपुरतंच उचलावं, एवढं दादीने आम्हाला न खाता शिकवलं.