गच्चीवरचा पॅराबोला

माझं गाव खजुरी, कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद तालुक्यात. पलीकडे लगेच महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात कन्नड. कर्नाटक बोर्डाची पुस्तकं मराठीतही निघतात, त्यामुळे अंतराचं सूत्र, विभाजनाचं सूत्र मी दहावीपर्यंत मराठीतूनच शिकलो. पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतलं आणि सगळं इंग्रजीत गेलं. सरळ रेषेपर्यंत निभावलं. कोनिक सेक्शन्सचा धडा सुरू झाला तशी सूत्रांची नुसती गर्दी झाली.

गावात गणिताचे एक निवृत्त सर होते. संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी वही मिटायला सांगितली आणि शहाबादी फरशीवर खडूनं एक रेघ ओढली, बाजूला एक ठिपका दिला. "ठिपका आणि रेघ, दोन्हीपासून सारख्याच अंतरावर असलेले बिंदू शोध बघू." पट्टीनं मोजत मी खुणा करत गेलो. खुणा जोडल्यावर सर म्हणाले, "हा तुझा पॅराबोला. आता ठिपक्यापासूनचं अंतर रेघेपासूनच्या अंतराच्या निम्मं धर." आकृती वळून बंद झाली, इलिप्स झाला. दुप्पट धरलं तर हायपरबोला. एकाच गुणोत्तरातून तिन्ही वक्र निघतात, हे त्या फरशीवर दिसलं. तेव्हापासून सूत्रं पाठ करावी लागली नाहीत.

मग पुस्तकातलं उदाहरण घेतलं: परावर्तकाचा व्यास २० सेंटीमीटर, खोली ५, तर नाभी, म्हणजे आपला तो ठिपका, कुठे? "आधी आकृती. काठावरचा बिंदू कोणता?" पाच, दहा. वाय वर्ग बरोबर चार ए एक्स, म्हणजे शंभर बरोबर वीस ए. ए, म्हणजे तळापासून नाभीपर्यंतचं अंतर, पाच आला. नाभी थेट तोंडाच्या मधोमध!

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. एका जुन्या केबलवाल्याच्या गच्चीवर मोठी डिश पडून होती. तोंडावर दोरी ताणून आम्ही मोजमाप घेतलं: रुंदी २४० सेंटीमीटर, खोली ४०. एकशेवीसचा वर्ग भागिले एकशेसाठ, म्हणजे ९०. तळापासून फीडपर्यंत, म्हणजे डिशसमोर लहरी गोळा करणाऱ्या भागापर्यंत, टेप लावला, तर अंतर जवळपास तेवढंच भरलं. अक्षाला समांतर आलेल्या लहरी नाभीत एकवटतात, म्हणून फीड तिथंच बसवतात. पुस्तकातला ए मी हातानं मोजला होता. तो आनंद अजून ताजा आहे.

असे सर सगळ्यांना मिळत नाहीत. आमच्याकडची मुलं लातूरला, सोलापूरला क्लाससाठी जातात. ज्यांना परवडत नाही ती पोरं गावातच राहतात, आणि त्यांना हवं असतं ते शंका विचारता येईल असं, आपल्या भाषेत बोलणारं माणूस. गणितात शिकून शहरात गेलेल्यांना माझी विनंती आहे: सुट्टीत गावी आलात की अकरावीच्या एखाद्या पोराला हाक मारा आणि त्याच्यासोबत आकृती काढायला बसा.