पंचावन्न फुटांची शर्यत

जुन्या चपलेच्या तळव्यांची गोल चाके कापून, ती काठीच्या टोकास बसवून, गावच्या धुळीतून गाडी पळवण्याचा आनंद आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी घेतला असेल. पोक्तपणाबरोबर हा खेळ सुटतो, असा माझा समज होता. गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इंडियाना राज्यात काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा तो समज दूर झाला.

माझ्या यजमानांच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. एका कारखान्यात लेथवर आयुष्य घालवून ते निवृत्त झाले होते. एके शनिवारी दुपारी त्यांनी मला विचारले, “आज संध्याकाळी आमची शर्यत आहे. पाहावयास याल का?” मी होकार देताच त्यांनी प्रथम मला आपल्या तळघरात नेले.

इंडियानाच्या लोकांना मोटारींच्या शर्यतींचे विलक्षण वेड. त्यांतील एक प्रकार म्हणजे ड्रॅग शर्यत. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करावयाच्या, आणि दिवा हिरवा होताच सरळ रस्त्याने पाव मैल, म्हणजे १३२० फूट, धावावयाचे. ना वळण, ना दुसरा फेरा. इंडियानापोलिस शहराच्या पश्चिमेस क्लर्माँट येथे १९६१ सालापासून या शर्यतींचा राष्ट्रीय मेळावा भरतो. वेग इतका वाढत गेला की, एका जीवघेण्या अपघातानंतर २००८ साली सर्वांत वेगवान गाड्यांची धाव १००० फुटांवर आणावी लागली.

या गृहस्थांची शर्यत मात्र मूळच्या पाव मैलाचीच होती. फक्त सारे काही चोवीस पटींनी लहान. १३२० स चोवीसाने भागले की बरोबर ५५ फूट येतात. तेवढ्याच लांबीच्या लाकडी फळीवर वीतभर लांबीच्या या गाड्या पळतात. फळीत प्रत्येक गाडीसाठी एक सरळ खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंस तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या असतात. गाडीच्या पुढील भागाखालची जीभ त्या खाचेत बसते. जिभेच्या दोन्ही अंगांस असलेल्या पट्ट्या विजेचा प्रवाह घेतात आणि मोटर फिरते. विजेवर चालणाऱ्या अशा खेळण्याच्या गाड्या लायोनेल कंपनीने १९१२ सालीच बाजारात आणल्या होत्या. इंग्लंडमध्ये १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक निघाल्यावर त्या घरोघरी पोचल्या. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेत गावोगाव भाड्याने खेळण्याचे मार्ग उघडले आणि ते दशक सरण्याच्या सुमारास त्यांतील बहुतेक बंदही पडले. जे उरले, ते अशा छंदिष्टांच्या निष्ठेवर.

तळघरातील कारखाना पाहून मी थक्क झालो. भिंतीवर हत्यारे ओळीने टांगलेली, काचेच्या बरण्यांत चाके, दंतचक्रे आणि स्क्रू वर्गवार लावलेले. गाडीचा सांगाडा पोलादी तारा आणि पितळ झाळून तयार करतात. काडेपेटीएवढ्या मोटरच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. तार जाड आणि वेढे थोडे असले की वेग वाढतो, पण मोटर तापते व लवकर जळते. मागील चाकांना मऊ स्पंज रबराचे टायर असतात. ते फिरवून घासकागदावर अगदी गोल करावे लागतात. वरचे कवच पारदर्शक प्लास्टिकचा पातळ तक्ता तापवून साच्यावर बसवलेले असते आणि त्यास रंग आतून देतात. त्यामुळे रंगकाम उलट्या क्रमाने चालते: जे सर्वांत वर दिसावयाचे, ते नाव आणि अंक प्रथम, पार्श्वभूमीचा रंग सर्वांत शेवटी.

हे दाखवत असता म्हाताऱ्यांचा हात थरथरत होता. “दोन वर्षांपासून झाळकाम माझ्याने होत नाही,” ते म्हणाले. “ते आता ही करते.” बाकाशी त्यांची बारा वर्षांची नात डोळ्यांस चष्मा लावून तार झाळत बसली होती. आज प्रथमच ती आजोबांची गाडी स्वतः चालवणार होती. तिच्याजवळ एक वही होती. प्रत्येक धावेची वेळ, टायरचे माप, हवेची उष्णता, सारे तीत टिपलेले.

शर्यतीची जागा म्हणजे खेळण्यांच्या एका दुकानामागील लांबट खोली. फळीच्या एका टोकास दिव्यांचा खांब. १९६३ साली मोठ्या शर्यतींत हा खांब आला, आणि त्याच्या रंगीत दिव्यांमुळे त्यास ‘नाताळचे झाड’ असेच नाव पडले. पिवळे दिवे एकामागून एक लागतात, मग हिरवा. हिरव्यापूर्वी गाडी हलली तर तांबडा दिवा लागतो आणि शर्यत तेथेच गमावली जाते. वेगवान गाड्या हे ५५ फूट अर्ध्या सेकंदाच्या आत तोडतात. डोळ्यांस केवळ एक रेघ दिसते. निकाल यंत्रच सांगते.

त्या रात्रीचा नियम मला फार विचारात पाडणारा वाटला. प्रत्येकाने आपली गाडी किती वेळात पोचेल हे आधी जाहीर करावयाचे. मंद गाडीस तेवढ्या फरकाने हिरवा दिवा आधी मिळतो. परंतु जाहीर केलेल्या वेळेपेक्षा आपली गाडी एक सहस्रांश सेकंदानेही लवकर पोचली, तर आपण हरलो. म्हणजे येथे केवळ वेगाचे मोल नाही. आपल्या गाडीची खरी ओळख असावी लागते.

नातीने तीन फेऱ्या जिंकल्या. तिची गाडी जुनी व मंद होती, पण वहीतील आकड्यांप्रमाणे ती तंतोतंत धावत होती. अंतिम फेरीसाठी तिने १.१८० सेकंद जाहीर केले. समोरच्या तरुणाने ०.७२० सांगितले. तिची गाडी सुटली, मागोमाग त्याची. ती रेषेवर आधी पोचली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण विजयाचा दिवा दुसऱ्या बाजूस लागला. यंत्राच्या चिठ्ठीवर तिची वेळ होती १.१७१.

ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. “माझे कोठे चुकले?” असे तिने विचारले. तेव्हा आजोबांचा चेहरा उतरला. अंतिम फेरीपूर्वी ती पाणी प्यावयास गेली असता त्यांनी जिभेवरील झिजलेल्या पट्ट्या काढून नव्या बसवल्या होत्या. नव्या पट्ट्यांतून प्रवाह चांगला मिळाला, आणि गाडी नऊ सहस्रांश सेकंदांनी लवकर पोचली.

“तुझे काही चुकले नाही,” ते सर्वांदेखत म्हणाले. “तुला मदत व्हावी म्हणून मी हात लावला, आणि मीच तुला हरवले.”

मुलगी रडली नाही. तिने वहीत तारीख घातली, ‘नव्या पट्ट्या, १.१७१’ असे लिहिले आणि म्हणाली, “आजोबा, पुढच्या वेळी मला सांगून बदला. मी १.१७० जाहीर करीन.”

परतताना गाडीत म्हातारे बराच वेळ गप्प होते. घर जवळ आले तेव्हा त्यांनी खिशातून तळघराची किल्ली काढली आणि मागे बसलेल्या नातीच्या हाती दिली. मुलांच्या हाती काम दिल्यावर आपला हात मागे घेणे किती कठीण असते, हे आईबापांस आणि आजीआजोबांस मी सांगावयास नको.