परीक्षा तलवारीची कीं हाताची?

नोकरीच्या निमित्तानें जपानांतील नागोया शहरीं येऊन मला तीन वर्षें झालीं. गेल्या वर्षीं शेजारच्या एका सद्गृहस्थांच्या आग्रहावरून मी 'इआइ'च्या वर्गास जाऊं लागलों. म्यानांतून तलवार उपसून वार करण्याच्या जपानी विद्येस हें नांव आहे. पहिले आठ महिने बोथट पात्याची तलवार हवेंत फिरविण्यांत गेले. हवा कोणासच नापास करीत नाहीं. त्यामुळें आपणांस बरेंच कांहीं येऊं लागलें आहे असा माझा समज झाला होता. अशांत गुरुजींनीं सांगितलें कीं, पुढील रविवारीं सेकी गांवीं जाऊन खऱ्या धारेच्या तलवारीनें 'तामेशिगिरी' करावयाची. तामेशिगिरी म्हणजे कापून पाहण्याची परीक्षा.

हें वर्तमान मीं मोठ्या हौसेनें फोनवरून घरीं कळविलें. आमच्या वाईच्या घरीं देवघराच्या भिंतीस एक जुनी तलवार टांगलेली आहे. खंडेनवमीस तिला हळदकुंकू व झेंडूचें फूल वाहावयाचें, यापलीकडे तिचा आमच्याशीं संबंध नाहीं. तिचें पातें म्यानाबाहेर आलेलें मीं कधीं पाहिलेलें नाहीं. काकू आतां ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "अरे, पण तुला कापायचें आहे तरी कोणाला?" मीं हंसून वेळ मारून नेली.

नागोयाहून गिफूमार्गें मिनो-ओता स्थानकावर उतरावें व तेथून नागारा नदीच्या खोऱ्यांत शिरणाऱ्या लहानशा आगगाडीनें सेकीस जावें. गांव साधेंच, पण सातशें वर्षांहून अधिक काळ तें तलवारींसाठीं प्रसिद्ध आहे. पात्यास पाणी देण्यापूर्वीं त्यावर लेप देण्याजोगी माती, भट्टीस लागणारा कोळसा आणि नदीचें निर्मळ पाणी हीं तिन्ही येथें मिळत, म्हणून लोहारांनीं येथें वस्ती केली असें सांगतात. मागोरोकु कानेमोतो हा नामांकित कारागीर येथीलच. १८७६ सालीं जपानी सरकारनें कमरेस तलवार लावून हिंडण्यास बंदी केली, आणि येथील भट्ट्या चाकू, कात्र्या व वस्तरे यांकडे वळल्या. आज गांवांत तलवारी करणारे थोडे. स्वयंपाकघरांतील चाकू मात्र दुकानोदुकानीं मांडलेले दिसतात.

आमची परीक्षा गांवाबाहेरील एका लांकडी दालनांत होती. जपानी घरांत जमिनीवर ज्या तातामी अंथरतात, त्यांचें वरचें लव्हाळ्याचें विणकाम काढून, त्याच्या घट्ट गुंडाळ्या करून रात्रभर पाण्यांत भिजत ठेविल्या होत्या. अशी एक गुंडाळी लांकडी खुंटीवर उभी रोंवावयाची आणि तिरपा वार करून छेदावयाची. गुरुजींनीं प्रथम प्रत्येक तलवारीच्या मुठींतील बांबूची खीळ तपासली. ती सैल असेल तर पातें मुठींतून निसटून कोणाच्याहि अंगावर जावयाचें. मग ते सहज म्हणाले, "ही भिजलेली चटई म्हणजे मांस समजावें. आंत हिरवा बांबू घातला, तर तें हाड."

मला एकदम काकूंचा प्रश्न आठवला. एदो काळांत, म्हणजे १६०३ ते १८६८ या अवधींत, ही परीक्षा खरोखरच मृत्युदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर होत असे. यामादा आसाएमोन हें नांव चालविणारें एक घराणें पिढ्यान् पिढ्या हेंच काम करी. अमुक तलवारीनें किती देह छेदले, हा निकाल मुठीच्या आंत दडलेल्या लोखंडावर सोन्याच्या अक्षरांत कोरीत. त्याहून चमत्कार वाटला तो नांवाचा. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा उतरणारा हा वार 'केसागिरी' म्हणवितो. 'केसा' म्हणजे भिक्षूचें एका खांद्यावरून घेतलेलें वस्त्र. आपल्या 'काषाय' शब्दाचेंच तें जपानी रूप. अहिंसेचें व्रत घेतलेल्यांच्या वस्त्रानें वाराची रेषा आंखून द्यावी, हा योग मला सुखाचा वाटला नाहीं.

या मनःस्थितींतच माझी पाळी आली. तलवार सुमारें एक किलो वजनाची, पण हातांत ती फार जड वाटली. मीं दांतओंठ खाऊन सर्व शक्तीनें वार केला. पातें निम्म्यावर अडकलें आणि गुंडाळी खुंटीसकट आडवी झाली! गुरुजींनीं न बोलतां तलवार घेतली, पातें डोळ्यासमोर धरून वांकलें नाहीं ना तें पाहिलें, आणि मग सांगितलें, "उजवा हात फार झाला. उजव्यानें दिशा द्यावी. वार डाव्या हाताच्या करंगळीकडून येऊं द्यावा. धार आणि वार एका रेषेंत असले म्हणजे जोर लागत नाहीं."

तें ऐकतांना मला काकूंची विळी आठवली. लहानपणीं मीं विळीवर भोपळा दाबून चिरूं लागलों, कीं त्या म्हणत, "दाबूं नको, ओढ." दुसऱ्या वेळीं मीं तसेंच केलें. हाताला कांहींच लागलें नाहीं. वार चुकला असें वाटून मी ओशाळलों. इतक्यांत गुंडाळीचा वरचा भाग अलगद घसरून खालीं पडला. मंडळींनीं टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या माझ्या डोक्यांत गेल्या व तिसऱ्या वेळीं मी पुन्हां जोर करून बसलों. तुकडा पडला खरा, पण कापलेली बाजू पळीसारखी खोलगट निघाली. गुरुजींनीं ती माझ्यापुढें धरली. बोलण्याची गरज नव्हती. माझी भीति, माझी सावधगिरी आणि माझा अहंकार असे तीन वार तीन तुकड्यांवर स्वच्छ लिहिलेले होते.

पूर्वीं या परीक्षेंत तलवार उतरे कीं नाहीं हें पाहत. आतां हात उतरतो कीं नाहीं हें पाहतात. साधन तेंच राहिलें, परीक्षार्थी मात्र बदलला. शेवटीं ज्यानें त्यानें आपले तुकडे वेंचून जमीन झाडून काढावयाची, असा तेथील शिरस्ता आहे. तुकडे वेंचतांना काकूंच्या प्रश्नाचें उत्तर मला थोडेंबहुत सुचलें.

परततांना सेकीच्या एका दुकानांतून भाजी चिरण्याचा लहानसा चाकू घेतला आणि दिवाळीस गेलों तेव्हां काकूंच्या हातीं दिला. त्यांनीं अंगठ्यानें धार पाहिली, "चांगली आहे," म्हणाल्या, आणि चाकू कपाटांत ठेवून पुन्हां आपल्या विळीवर जाऊन बसल्या.