जगण्याची गोळी, तिला की त्याला?

वळसंगला आमच्या बोळात ऐंशी पार केलेल्या आज्या चार. आजोबा? एकही नाही. देशाचं गणितही तसंच: २०१६-२०च्या नोंदींनुसार भारतात बायकांचं सरासरी आयुर्मान ७१.४ वर्षं, पुरुषांचं ६८.६.

त्यामुळे ऑफिसात लंचला 'अँटी-एजिंग'चा विषय निघाला की मी विचारते, गोळी कुणासाठी? कारण अमेरिकेतल्या उंदरांनी भलतीच गंमत केलीय. अकार्बोज ही आपल्याकडेही डायबेटिसवर देतात ती गोळी. पिष्टमय पदार्थांचं पचन ती हळू करते, म्हणून जेवल्यावर साखर एकदम चढत नाही. (पोटात गॅस मात्र होतो!) २०१४च्या प्रयोगात तिनं नरांचं मीडियन आयुष्य २२ टक्क्यांनी वाढवलं, माद्यांचं जेमतेम ५. रॅपामायसिनचं उलटं. २००९मध्ये उतारवयातल्या उंदरांना ते दिलं, तर जास्त फायदा माद्यांना झाला.

आजीला हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "वर्षं घेऊन काय करू? गुडघ्याचं काय निघालं असलं तर बघ की."

बोलली ते अगदी सायंटिफिक! बायका जगतात जास्त, पण म्हातारपणी दुखणीही त्यांच्याच वाट्याला जास्त. आजोबांना जाऊन एकवीस वर्षं झाली. परसातल्या संडासापर्यंत ती भिंत धरत जाते. आई आता छप्पन्नची, गुडघे तिचेही कुरकुरतात.

दादा म्हणतो, दोघींना चांगलं सप्लिमेंट आणू. मी गवंड्याला ॲडव्हान्स दिलाय. दिवाळीच्या आत घरातच कमोड बसतोय, शेजारी धरायला दांडीसकट.