ईस्ट हॅमचे एकवीस दिवस

आमच्या घरातून परदेशी गेलेले पहिले माणूस म्हणजे आमचे हे. नाशिकच्या रुग्णालयात अकरा वर्षे ब्रदर म्हणून नोकरी केली आणि २०२१ साली लंडनच्या एका रुग्णालयात परिचारक म्हणून रुजू झाले. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात लिपिक. मुलगा तेव्हा आठवीत जायचा होता, मुलगी पाचवीत, आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सगळ्यांनी उचलून जाणे शक्यच नव्हते. ते तिकडे, आम्ही इकडे, रात्री दहा वाजता फोन, असा संसार सुरू झाला.

त्यांचा व्हिसा तीन वर्षांचा होता. तो ३० जून २०२४ ला संपणार म्हणून त्यांनी जूनच्या पहिल्याच आठवड्यात मुदतवाढीचा अर्ज भरला. तिथला कायदा असा आहे की मुदत संपण्याच्या आत अर्ज केला असेल तर निकाल लागेपर्यंत माणूस पूर्वीच्याच अटींवर राहू शकतो, नोकरीही करू शकतो. १९७१ च्या त्यांच्या इमिग्रेशन कायद्यात कलम ३-सी म्हणून आहे, त्याची ही सवलत. पण तिला एक काटा आहे. अर्ज प्रलंबित असताना माणूस ब्रिटन, आयर्लंड आणि आसपासची त्यांची बेटे सोडून बाहेर गेला, तर अर्ज मागे घेतला असे धरतात. म्हणजे जुना व्हिसा संपलेला, नवा अर्ज बाद. मग भारतातून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तोवर नोकरी टिकली तर टिकली.

गंमत अशी की पासपोर्ट त्यांच्याजवळच होता. बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन, कागदांच्या प्रती काढून पासपोर्ट परत दिलेला. कपाटात पासपोर्ट, आणि पाय मात्र बांधलेले.

जुलैच्या मध्यावर सासूबाई गेल्या. पहाटेची वेळ होती. मी लंडनला फोन लावला तेव्हा तिकडे रात्रीचे बारा वाजून गेले होते. ते म्हणाले, "मी निघतो, सकाळचं विमान बघतो." आणि वाचकहो, "येऊ नका," असे त्यांना मीच सांगितले. कर्जाचे हप्ते होते, मुलाची दहावी होती. त्या घटकेला मी सून नव्हते, हिशेब लिहिणारी कारकून होते. धाकट्या दिरांनी अग्नी दिला. पुतण्या मोबाईल हातात धरून उभा होता आणि त्यातून ते बघत होते. पुण्यानुमोदनालाही तसेच. वस्तीतली एक आजी मोबाईलकडे बघून म्हणाली, "बाळा, नीट जेवतोस ना रे?" त्यावर त्यांनी फोन बंद केला.

ते येऊ शकत नाहीत तर आपण जावे, असे मी ठरवले. मुलांना माझ्या आईकडे ठेवायचे आणि तीन आठवडे जाऊन यायचे.

पहिले काम म्हणजे माझा पासपोर्ट शोधणे. २०१४ साली आमच्या महिला मंडळाने श्रीलंकेच्या सहलीचा बेत केला होता, तेव्हा तो काढला होता. सहल रद्द झाली आणि पासपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली गेला. उघडून बघते तो मुदत १६ नोव्हेंबर २०२४! मला ऑक्टोबरमध्ये जायचे होते.

गावातल्या एका एजंटाकडे गेले. तो म्हणाला, सहा महिने मुदत शिल्लक नसेल तर कुठल्याच देशात घेत नाहीत. हे अर्धे खरे आहे. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका येथे सहा महिने लागतात. युरोपातल्या शेंगेन देशांत परतीच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. ब्रिटनला मात्र मुक्कामाचे सगळे दिवस पासपोर्ट चालू असला की पुरते, आणि व्हिसासाठी तेव्हा एक कोरे पान लागायचे. म्हणजे नियमाने माझे भागत होते. पण स्वस्त तिकीट आखातातून जाणारे होते. मधे विमान चुकले आणि त्या गावात उतरायची वेळ आली तर काय, म्हणून मी नवाच काढायचे ठरवले. आपल्याकडे मुदत संपण्याआधी वर्षभरापासून अर्ज करता येतो. छत्तीस पानी पुस्तिकेचे दीड हजार रुपये भरले. हवालदारांनी चौकीवर बोलावून सही घेतली आणि ऑगस्टच्या मध्यावर नवी पुस्तिका पोस्टाने घरी आली. क्रमांक नवा असतो, म्हणून व्हिसाच्या अर्जाआधीच हे उरकलेले बरे. जुन्यात एखादा चालू व्हिसा असेल तर 'रद्द' शिक्क्याची जुनी पुस्तिकाही बरोबर न्यावी लागते.

त्याच एजंटाने दुसरा सल्ला दिला तो ऐकून मात्र मी उठलेच. म्हणाला, "ताई, नवरा तिकडे आहे आणि त्याचा व्हिसा अडकलाय हे लिहू नका. मैत्रिणीकडे फिरायला चालले असं लिहा." नवरा तिथे असलेली बाई परत येणार नाही, असे अधिकाऱ्याला वाटते म्हणे. वाटत असेलही. पाहुणी म्हणून येणारी व्यक्ती मुदतीत परत जाईल अशी त्यांची खात्री पटावी लागते, हा नियमच आहे. पण अर्जात फसवणूक सापडली तर दहा वर्षे बंदी येऊ शकते, हाही नियमच आहे. आणि नियमाचे सोडा, ज्या माणसाला भेटायला चालले त्याचेच नाव लपवायचे?

मी सगळे जसेच्या तसे लिहिले. पती येथे नोकरीला आहेत, त्यांचा अर्ज प्रलंबित आहे, त्यांच्या आई वारल्या, ते येऊ शकले नाहीत, म्हणून मी जात आहे आणि २८ ऑक्टोबरला कामावर हजर होणार आहे. सोबत संस्थेचे रजा मंजुरीचे पत्र, सहा महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेचा उतारा, मुलगा दहावीत शिकत असल्याचा शाळेचा दाखला, त्यांचे निमंत्रणाचे पत्र, त्यांच्या अर्जाची पोच आणि सासूबाईंचा मृत्यूचा दाखला. हा शेवटचा कागद फाईलमध्ये लावताना हात जरा थांबला. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. फी तेव्हा ११५ पौंड होती, म्हणजे आपले बारा-तेरा हजार रुपये, आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पासपोर्ट परत आला. सहा महिन्यांचा व्हिसा चिकटवलेला होता.

५ ऑक्टोबरला संध्याकाळी हीथ्रोला उतरले. खिडकीतल्या बाईंनी विचारले, कोणाकडे, किती दिवस, पती काय करतात, त्यांचा व्हिसा कुठवर आलाय. मी माझ्या बी.कॉम.च्या इंग्रजीत उत्तरे दिली. 'पेंडिंग' हा शब्द आपल्या कार्यालयात दिवसातून दहा वेळा वापरतो, तोच तिथे उपयोगी पडला. त्यांनी शिक्का मारला. बाहेर हे उभे होते. डोक्यावरचे केस विरळ झालेले, अंगात जाड कोट. तीन वर्षांत पहिल्यांदा भेटत होतो आणि पहिले वाक्य काय बोलले, तर "बॅग जड आहे का?"

पिकॅडिली लाईन, मग हॅमरस्मिथला गाडी बदलून डिस्ट्रिक्ट लाईन, असे दीड-पावणेदोन तास करून ईस्ट हॅमला पोचलो. हा लंडनचा पूर्वेकडचा भाग. टीव्हीवर दिसणारे लंडन इथे नाही. एकाला एक चिकटलेली विटांची बैठी दुमजली घरे, खाली इडली-डोशाची हॉटेले, साड्यांची, सोन्याची दुकाने, आणि रस्त्यावर तमिळ, बंगाली, पंजाबी बोलणे. ह्यांची एक खोली. बाकीच्या खोल्यांत केरळचे दोन ब्रदर आणि एक फिलिपिनो सिस्टर. स्वयंपाकघर सगळ्यांचे मिळून. जवळच ग्रीन स्ट्रीटवर बाजरीचे पीठ मिळाले, कोथिंबीर मिळाली, भरीताची वांगीसुद्धा. दुसऱ्या दिवशी भाकरी आचेवर फुगवायला घेतली तर छताची घंटा किंचाळू लागली. चारही खोल्यांची दारे उघडली. केरळचा मुलगा हसत हसत पुठ्ठ्याने वारा घालू लागला. त्यानंतर मी खिडकी सताड उघडून, थंडीत कुडकुडत भाकरी केल्या आणि त्या पोरांनीही खाल्ल्या.

त्यांच्या पाळ्या बारा-साडेबारा तासांच्या. एकवीस दिवसांत पूर्ण दिवस एकत्र मिळाले ते नऊ. बाकी दिवस मी सकाळी डबा भरून द्यायची, बागेत चक्कर मारायची आणि वाट बघायची. दरवाजात पत्र पडले की धावत जायची. निकाल ई-मेलवर येणार हे ठाऊक असूनही.

मी आईंची एक वही नेली होती. साक्षरता वर्गात त्या पन्नाशीत गेल्या होत्या, तेव्हाची. पानभर स्वतःचे नाव, मग मुलांची नावे. ह्यांच्या नावात त्या कायम वेलांटी उलटी काढायच्या. वही त्यांनी उघडली नाही, उशीखाली ठेवली. आठवडाभर आईंचा विषय आमच्यात निघालाच नाही. निघायला आला की ते पाण्याचा ग्लास आणायला उठत.

१३ ऑक्टोबरला रविवार होता, सुट्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. आम्ही किंग हेन्रीज रोडला निघालो. मॉन्युमेंट स्टेशनला उतरून आतल्या आत बँक स्टेशन गाठायचे, तिथून नॉर्दर्न लाईनने चॉक फार्म. स्टेशन गडद लाल फरशांचे आहे. बाहेर पडून रेल्वेच्या रुळांवरचा पूल ओलांडला की पाच-सात मिनिटांत दहा नंबरचे घर. इथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते, दार बंद होते. आजूबाजूची घरे तशीच उंच, शांत. एक बाई कुत्रे घेऊन आमच्या मागून गेली, आम्हांला वळसा घालून.

१९१७ साली शिष्यवृत्ती संपली म्हणून बाबासाहेबांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० ला ते पुन्हा आले आणि १९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' इथेच छापून निघाला. आम्ही वाणिज्य शाखेची माणसे, आम्हांला या पुस्तकाचे जरा जास्तच अप्रूप. आणि हेही सांगते, ते पुन्हा आले त्याच १९२० साली पॅरिसच्या परिषदेत आजच्यासारख्या पासपोर्ट पुस्तिकेचा नमुना ठरला. पण त्या दारापुढे माझ्या मनात घोळत होती ती परळची चाळ आणि तिथे पोरांना घेऊन दिवस काढणारी रमाई. पत्र यायलाच तेव्हा आठवडे लागत. मी रात्री दहाच्या फोनची तक्रार करत होते.

हे बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू 'येऊ नका' म्हणालीस म्हणून मी थांबलो नाही. तू फोन करायच्या आधीच मी नियम वाचून ठेवला होता. आई आजारी होती तेव्हाच. मी निघतो म्हणालो, पण विमान बघितलंच नव्हतं. भ्यालो होतो."

मी काही बोलले नाही. थंडी वाढली होती. पूल उतरून परत येताना त्यांनी आईंचे शेवटचे दिवस विचारले. काय खात होत्या, माझे नाव घेत होत्या का. गाडीत मी सगळे सांगितले, बँक स्टेशन येईपर्यंत. घरी आल्यावर वही उघडली.

२६ ऑक्टोबरला मी निघाले आणि सोमवारी २८ ला कामावर हजर झाले, पत्रात लिहिले होते तशी. त्यांचा निकाल डिसेंबरात आला. मंजूर. कार्ड नाही, कागद नाही, नुसता ई-मेल. फेब्रुवारीत ते पंधरा दिवसांसाठी आले, आणि पहिल्या सकाळी दिरांबरोबर स्मशानभूमीत जाऊन आले.

आता मुलांचे पासपोर्ट काढायला टाकले आहेत. अठराच्या आतल्यांना पाचच वर्षांची मुदत मिळते, आणि मुलाला तर अठरा पूर्ण होईपर्यंतचीच हवी की दहा वर्षांची, असे त्या अर्जात विचारतात, कारण त्याला पंधरा पूर्ण झाली आहेत. आम्ही दहाची मागितली. तारखा मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत, गॅसच्या नंबराच्या खाली.