दोन बॅटऱ्या आणि एक पट्टी



गेल्या वर्षीच्या हिशेबात शाळेच्या जीपसाठी दोन महिन्यांत दोन बॅटऱ्या घेतल्याची नोंद आहे. पालकसभेत एका पालकांनी त्याबद्दल विचारले, तेव्हा "यंदा थंडी फार होती" असे मी सांगितले. ते उत्तर बरोबर नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

डिसेंबरात जीप सकाळी सेल्फ घेईना. जुनी बॅटरी चार वर्षांची होती, ती बदलली. त्यात काही चुकले नाही. पण नागोबाच्या जत्रेच्या सुमारास, केसलापूरच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागलेली असताना, नवी बॅटरीही बसली. आपल्या आदिलाबादकडची पौषातली थंडी सर्वांना ठाऊक आहे, आणि थंडीत बॅटरीची ताकद कमी होते हेही खरे. मी विज्ञानाचा माणूस, मला ते कारण लगेच पटले. उरलेला दोष मी ड्रायव्हरमामांवर टाकला. रात्री दिवे चालू राहिले असतील, असे चार शिक्षकांसमोर बोललो. मामा एवढेच म्हणाले, "सर, दिवे मी बंद केले होते. पण एक्सलेटरची तार गरम लागते, ती एकदा बघा." बॅटरीचा आणि त्या तारेचा काय संबंध, असे म्हणून मी विषय संपवला. दुकानदारानेही बॅटरी तपासून ती चांगली असल्याचे सांगितले. त्याचेही न ऐकता दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेतली.

मार्चमध्ये, दहावीच्या पेपरच्या दिवशी, जीप पुन्हा गप्प. सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज. परीक्षेच्या कपड्यांतल्या मुलांनी उटनूर रस्त्यावर धक्का मारून ती चालू केली. केंद्रावर पोहोचलो तेव्हा घंटेला सात मिनिटे उरली होती. एका मुलीचे हात थरथरत होते. त्या हातांनी तिला गणिताचा पेपर लिहायचा होता.

रविवारी गुडीहत्नूरला हायवेवरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी पाना उचललाच नाही, मीटर उचलले. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. तिच्यात सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण 2.1 व्होल्टचा. आमची 11.9 होती. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर 14 च्या आसपास यायला हवेत. आले 12.3. "अल्टरनेटर गेला," मी म्हणालो, म्हणजे तिसऱ्या खर्चाची तयारी! मिस्त्रीने मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टला आणि दुसरी त्याच्याच बॉडीला लावली. 14.1. वीज तयार होत होती, पण बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हती. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या लोखंडापर्यंत मोजले. तेथे शून्याजवळ आकडा हवा. निघाले 1.8. हरवलेले व्होल्ट सापडले.

इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी खराब झाली होती. बोल्टखाली गंज, त्यावर चिखल, तारा निम्म्या तुटलेल्या. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. पट्टीतून वाट मिळेना, म्हणून करंट एक्सलेटरच्या तारेतून जायचा, आणि ती तापायची. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा वेळेवर विझत होता, कारण बिघाड निगेटिव्ह बाजूला होता आणि तो दिव्याला कळत नाही. कॉलेजात मी हे 'प्रतिरोध' म्हणून हिंदीत पाठ केले, तुम्हांला 'रोध' म्हणून इतकी वर्षे मराठीत शिकवतो. ओहमच्या नियमाची गणिते फळ्यावर किती सोडवली असतील!

जागा घासून नवी पट्टी बसवली. बॅटरीवर 14 आले. पट्टी आणि मजुरी मिळून झालेला खर्च बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नव्हता.

दुसऱ्या बॅटरीची रक्कम मी शाळेच्या खात्यात भरली आहे. पावती कार्यालयात पाहता येईल. मामांची माफी त्याच चार शिक्षकांसमोर मागितली. आता दर शनिवारी नववीची मुले मामांच्या देखरेखीखाली व्होल्ट मोजून वहीत लिहितात. पावसाळ्यापूर्वी मामांनी पट्टी पुन्हा उघडली, घासली आणि ग्रीस लावून बसवली. टॉर्च मी धरली होती.